त्या हिरव्या टेकडीखाली गाळाचं तळं नाही

आज परत तोच फोटो फिरतोय. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातली हिरवीगार टेकडी आणि खाली ओळ: 'बघा, तेलवाळूच्या खाणीनंतर जंगल परत आलं!' तेलवाळू म्हणजे डांबर मिसळलेली वाळू, तिच्यातून तेल काढतात. अहो, ती टेकडी म्हणजे गेटवे हिल. 104 हेक्टर, जमीन पूर्ववत केल्याचं 2008 सालचं सरकारी प्रमाणपत्र. खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगावर लावलेली झाडं आहेत ती. दुखणं आहे तेल काढल्यावर उरलेला गाळ साठवतात त्या तळ्यांचं.

ती तळी आटत का नाहीत? आधी झाडं आणि दलदलीतलं पीट (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर) खरवडतात, मग डांबरी वाळू उपसतात. तेलाच्या एका बॅरलमागे साधारण दोन टन वाळू. गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा घालून घुसळलं की डांबराचा फेस वर येतो, उरलेलं सगळं तळ्यात. जाड वाळू लगेच बसते, तिचेच बांध घालतात. बारीक चिकणमाती मात्र बसत नाही, कारण सोड्यामुळे तिचे कण सुटे राहतात. काही वर्षांत गाळ तीसेक टक्के घट्ट होतो आणि तिथेच अडतो. पातळ दह्यासारखा, दशकानुदशकं. त्यावर झाड लावणार कसं?

पाणी पुन्हा वापरतात, मान्य. पण दर फेरीला त्यात क्षार आणि डांबरातून येणारी नॅप्थेनिक आम्लं वाढतात, आणि ही आम्लं माशांना विषारी असतात. 2010 मध्ये सनकोर या तेल कंपनीने एक तळं बुजवून हिरवं केलं, तेही खरं. फक्त त्यातला पातळ गाळ आधी उपसून दुसऱ्या तळ्यांत नेला होता!

आणि केर्ल खाणीचं काय? मे 2022 मध्ये इम्पीरियल ऑइल कंपनीच्या या तेलवाळूच्या खाणीजवळ रंग बदललेलं पाणी जमिनीवर आलं. तळ्यातून झिरपणारं पाणी पकडून परत तळ्यात टाकायला चर आणि पंप असतात; हे पाणी त्यांना चुकवून भरावाच्या थरांतून निघालं. फोर्ट चिपेवायन हे आदिवासींचं गाव या भागातल्या अथाबास्का नदीच्या खालच्या अंगाला आहे. तिथे एक मोघम सूचना गेली, पुढे नऊ महिने काही नाही. 2023 च्या सुरुवातीला एक साठवण तळं ओसंडून आणखी 53 लाख लिटर पाणी बाहेर पडलं, फेब्रुवारीत सरकारी आदेश निघाला, तेव्हा कुठे गावाला सगळं कळलं.

नऊ महिने ही माणसं त्याच भागात शिकार करत होती, मासे धरत होती. पिढ्यान्‌पिढ्यांचं त्यांचं अन्न तिथलंच. पोरांच्या ताटात काय वाढतोय हे आईला माहीत नसावं, याने जीव तुटतो.

टेकडीचा फोटो टाकणाऱ्यांनी मला एवढंच सांगावं, त्या नऊ महिन्यांत फोर्ट चिपेवायनला दुसरी सूचना का गेली नाही?