कुंग फू गेममधला तो ब्रूस ली नाहीये हो!

'नाइंटीजची पोरं असाल तर वाचाच' म्हणून एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हणे, आपण टीव्हीला जोडून खेळायचो तो कुंग फूचा गेम ब्रूस लीचा आहे, त्याने स्वतः किक मारून दाखवल्या, कंपनीने त्या कॅमेऱ्यात शूट करून गेममध्ये टाकल्या, आणि मध्येच तो गेला म्हणून गेम अर्धवट राहिला, त्यातली पळवून नेलेली पोरगी कधी सुटतच नाही. दोनदा आला तेव्हा मी सोडून दिलं. पण काल भाच्याने हे सगळं वर्गात उभं राहून सांगितलं आणि घरी येऊन मलाच विचारतोय, मावशी तुला माहीत नव्हतं? त्याला तो फॉरवर्ड वाचून कोणी दाखवला तर आमच्या ताईने. म्हटलं आता बास.

आधी ती शूटिंगची थाप. ब्रूस ली गेला २० जुलै १९७३ ला. गेम आला १९८४ ला. मध्ये अकरा वर्षं. १९७३ मध्ये व्हिडिओ गेम म्हणजे काय होतं तर पाँग, तो आदल्याच वर्षी आलेला, दोन दांड्या आणि एक ठिपका. त्यात ब्रूस लीची किक कुठे बसवणार होते, ठिपक्यात? खऱ्या माणसांना शूट करून गेममध्ये घालण्याचा प्रकार गाजला तो मॉर्टल कॉम्बॅट या मारामारीच्या गेममुळे, आणि तो १९९२ चा. आपल्या कुंग फूवाल्याला नीट बघा, चार-दोन पोझ आहेत, ठोकळ्या-ठोकळ्यांनी काढलेल्या. यासाठी कोणी कॅमेरा लावला असेल तर त्याचे पैसे फुकट गेले.

बरं मग तो आहे कोण, तर थॉमस. हे मी नाही सांगत, गेमच सांगतो. मूळ आर्केड मशीनवर, म्हणजे दुकानात नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, सुरुवातीलाच थॉमसच्या नावाने चिठ्ठी येते की सिल्व्हिया आमच्या ताब्यात आहे, जीव वाचवायचा असेल तर ये. आता ही दोन नावं कुठली? १९८४ च्या जॅकी चॅनच्या सिनेमातली. हाँगकाँगचा सिनेमा, सॅमो हंगने काढलेला, इंग्रजीत 'व्हील्स ऑन मील्स', जपानमध्ये 'स्पार्टन एक्स'. त्यात जॅकीचं नाव थॉमस, हिरॉइनचं सिल्व्हिया, आणि जपानमध्ये गेमचंही नाव 'स्पार्टन एक्स'च! यापुढे काय पुरावा पाहिजे अजून?

गंमत म्हणजे सिनेमात गेमसारखं कुंग फूचं मंदिर वगैरे काही नाही. सगळी गोष्ट घडते स्पेनमध्ये, बार्सिलोनात, जॅकी आणि दुसरा हिरो युएन बिआओ गाडीवर खायचे पदार्थ विकत असतात. शेवटी सिल्व्हियाला पळवून किल्ल्यात नेतात तेवढंच काय ते गेमसारखं. बघा पण जरूर, बेनी उर्किडेझ या किकबॉक्सरबरोबरची मारामारी भारी आहे, त्याच्या लाथेच्या वाऱ्याने मेणबत्त्या विझतात.

आता एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने. गेममधले पाच मजले आणि दर मजल्याच्या शेवटी एक दादा, ही कल्पना ब्रूस लीच्याच 'गेम ऑफ डेथ' सिनेमावरून आलेली आहे. गेम बनवला जपानच्या आयरेम कंपनीतल्या ताकाशी निशियामाने आणि त्यानेच हे सांगितलंय. (हाच बाबा नंतर कॅपकॉम कंपनीत गेला आणि मारामारीचा पहिला स्ट्रीट फायटर गेम काढला.) आणि अर्धवट राहिला होता तो सिनेमा! ब्रूस ली गेल्यावर डुप्लिकेट वापरून १९७८ ला कसाबसा पुरा केला. फॉरवर्डवाल्याने सिनेमाच्या नावात 'गेम' बघितलं आणि दिलं ठोकून, असा माझा अंदाज.

फॉरवर्डमधलं 'गेम निन्टेन्डो या जपानी कंपनीने शोधला' हेही अर्धंच खरं. आपल्या कॅसेटमध्ये, त्या नव्याण्णव लाख इन वन वगैरे, जो यायचा तो निन्टेन्डोने १९८५ ला घरच्या मशीनसाठी केलेला. त्यावर मारिओवाला मियामोतो होता आणि यातलं शिकलेलं पुढे मारिओत कामाला आलं. शोधला बिधला नाही.

आणि त्यातलीच आणखी एक थाप, 'जपानी लोक उजवीकडून लिहितात म्हणून हिरो डावीकडे चालतो'. अहो दुसऱ्या मजल्यावर तो उजवीकडे चालतो की! जिना चढला की दिशा बदलते, इमारत आहे ती.

राहिली पोरगी. सुटते. पाचव्या मजल्यावरच्या शेवटच्या दादाला, मिस्टर एक्सला लोळवलं की सिल्व्हिया सुटते, मग गेम पहिल्यापासून सुरू होतो, जरा आणखी अवघड होऊन. ताई म्हणते आम्हाला तर कधी सुटलेली दिसली नाही. ताई, तू तिसऱ्या मजल्यावरच्या त्या पहिलवानाच्या पुढे कधी गेलीच नव्हतीस.