समुद्र नसलेल्या गावात बसून आरमारासाठी फंड कसा मिळवावा

सगळ्यात आधी डोक्यातून हे काढून टाका की समुद्राच्या वारशाचं काम करायला समुद्राजवळ राहावं लागतं. आपलं पुणं समुद्रापासून चांगलं शंभरेक किलोमीटर आत, मधे अख्खा सह्याद्री आडवा, आणि शिडं म्हणाल तर एनडीएची, म्हणजे संरक्षण प्रबोधिनीची, पोरं खडकवासल्याच्या पाण्यात लावतात तेवढीच, पण आरमारावरची व्याख्यानं मालवण-अलिबाग मिळून होत नसतील तेवढी एकट्या टिळक रोडवर होतात (त्यातली सात-आठ मीच दिलीयेत, म्हणून तर बोलतोय). तेव्हा तुम्हाला जलदुर्गांवर, जुन्या गलबतांवर, कोकणातल्या बंदरांवर काही संशोधन करायचं असेल, ते चार लोकांना जाऊन बघता यावं अशीही इच्छा असेल, आणि खिशात फक्त इच्छाच असेल, तर माझा अनुभव फुकट घ्या. फुकट म्हटलं की तुम्ही वाचणार हे मला माहितीये.

सुरुवात प्रेझेंटेशनपासून. पहिली स्लाइड ठरलेली असते, मावळतीचा सिंधुदुर्ग, ड्रोनवरून. खाली १६६४ ला पाया घातला, तीन वर्षांत उभा राहिला, मग नौदलाच्या झेंड्यावर २०२२ पासून राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, मग युनेस्कोच्या यादीत २०२५ ला आपले किल्ले गेले, त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे समुद्राकाठचे नाहीतर समुद्रातले. आणि मधोमध मोठ्या अक्षरात आज्ञापत्रातलं, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या ग्रंथातलं, ते वाक्य, ज्याच्याजवळ आरमार त्याचा समुद्र. इथे टाळ्या येतात. इथेच थांबायचं. आज्ञापत्र पुढे वाचायचं नाही, कारण तिथे रामचंद्रपंत अमात्य थेट पैशावर येतात. आरमाराला नेमणूक मुलखाच्या उत्पन्नातून बांधून द्या म्हणतात, आरमार जे मिळवून आणेल त्याच्यावर त्याचा खर्च टाकू नका, नाहीतर ते सावकारांना त्रास देईल आणि व्यापार बसेल. लाकूड तोडायचं तर रयतेची आंब्या-फणसाची झाडं जबरदस्तीने तोडू नका, जीर्ण झाड असेल तर मालकाला पैसे देऊन राजी करून घ्या. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी एका माणसाला कळलं होतं की दरवर्षी नक्की येणारी रक्कम लागते, एकदाच शाल-श्रीफळ देऊन जहाज चालत नाही. हे फंड देणाऱ्याला वाचून दाखवलंत तर तो विचारतो, म्हणजे वन-टाइम नाही का?

दुसरी एक स्लाइड कधीच करू नका, ती १७५६ ची. त्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळलं, समुद्राकडून इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह, जमिनीवरून पेशव्यांची फौज. आंग्र्यांनी पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच पकडलेल्या एका जहाजावर तोफगोळा पडला, ते पेटलं, शेजारचं पेटलं, आणि बघता बघता अख्खा ताफा गेला. इंग्रजांशी करार कोणी केला होता, तर आपल्या नानासाहेबांनी. आता हे तुम्ही शनिवारवाड्यापासून दहा मिनिटांवर, एसी हॉलमध्ये, पहिल्या रांगेत देणगीदार बसलेले असताना सांगणार का? नाही. तिथे लिहायचं ‘कालांतराने आरमाराचा ऱ्हास झाला’. कालांतराने हा फार गुणी शब्द आहे, त्याच्या पोटात पुण्यातलं काहीही मावतं.

आता सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक खर्च. कंपनी कायद्याचं कलम १३५, ठरावीक आकाराच्या वरच्या कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे, आणि ज्या कामांवर करायचे त्या यादीत राष्ट्रीय वारसा चक्क आहे, मी तो परिच्छेद लॅमिनेट करून घेतलाय. पण त्याच यादीत शाळा आहेत, दवाखाने आहेत, झाडं आहेत, आणि झाडाबरोबर फोटो चांगला येतो. मी एका कंपनीत गेलो होतो, नाव नको, कॉफी चांगली होती, तिथल्या मॅडमनी मन लावून सगळं ऐकलं आणि विचारलं, यात बेनिफिशियरी किती? मी म्हटलं, कोळी, भंडारी, गाबीत, खारवी अशा खलाशांचा हा इतिहास आहे. त्या म्हणाल्या, हो सर, पण ते आत्ता हयात नाहीयेत ना. एक्सेलमध्ये तो रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. शेवटी आम्ही ‘आगामी पिढ्या’ असं लिहिलं, तर सिस्टिम म्हणाली आकडा टाका.

तुमच्या डोक्यात अख्खं जहाजच जपायचं असेल तर जरा धीराने घ्या. जुनी विमानवाहू विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत बरीच वर्षं म्युझियम म्हणून उभी होती, शाळांच्या सहली यायच्या, २०१२ ला तेही बंद झालं, सांभाळायला कोणाकडे पैसे निघाले नाहीत आणि ती भंगारात गेली. तिच्या पोलादातून मग आपल्या आकुर्डीच्या बजाजने मोटरसायकल काढली. पब्लिक ॲक्सेस म्हणाल तर एवढा कुठल्या म्युझियमला मिळाला नसेल, सिंहगड रोडच्या सिग्नलला एक युद्ध पाहिलेली विमानवाहू नौका तुमच्या शेजारी धूर सोडत उभी असायची. विराटचं तर त्याहून पद्धतशीर झालं, २०१८ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने निवतीजवळ तिचं म्युझियम करायला ८५२ कोटींच्या योजनेला मंजुरी दिली आणि २०२० ला ती अलंगला ३८ कोटींच्या भंगारात गेली. यातून शिकायचं काय, तर मंजुरी आणि पैसा हे दोन वेगळे पदार्थ आहेत, एकाचा वास आला म्हणून ताट घ्यायला धावू नये. आता गुलदार नावाची निवृत्त नौका त्याच निवतीजवळ पाण्याखाली म्युझियम म्हणून ठेवायची योजना आहे. मला हे मनापासून पटलं, वरून आत पाणी गळतंय अशी तक्रार कोणी करणार नाही.

लोथलला सुमारे ४,५०० कोटींचं सागरी वारसा संकुल होतंय, त्यावरून जळफळायचं नाही. आपल्या प्रस्तावात ‘लोथलच्या धर्तीवर’ एवढे दोन शब्द घालायचे आणि रक्कम दोन लाख ठेवायची. पाण्याखालचं उत्खनन मात्र मागू नका. पुरातत्त्व खात्याची त्यासाठीची शाखा २००१ ला निघाली, २०२५ मध्ये तिची पाच जणांची टीम द्वारकेच्या पाण्यात उतरली तर देशभर बातमी झाली. पाच! आमच्या सोसायटीच्या गणपतीबरोबर हौदात याहून जास्त लोक उतरतात आणि त्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही.

बरं, समजा मिळाले दोन लाख. आता खरी गंमत, म्हणजे बिलं. सुवर्णदुर्गाची मोजमापं घ्यायला आम्ही हर्णैहून होडी केली, दोन फेऱ्या, मधे चार तास थांबणं. परत आल्यावर मी होडीवाल्या मामांकडे जीएसटी बिल मागितलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग समुद्राकडे बघितलं, मग परत माझ्याकडे, की हा माणूस दुपारच्या उन्हात असा झालाय की मूळचाच असाय. शेवटी त्यांनी मासळीच्या लिलावाच्या वहीतलं एक पान फाडलं, त्यावर पेन्सिलीने लिहिलं ‘पुणेवाले, २ फेऱ्या’, खाली सही, आणि पानाच्या कोपऱ्यात एक बांगड्याचं खवलं चिकटलेलं, ते मी काढलं नाही, म्हटलं पुरावा आहे. पुण्याला ऑडिटवाल्याने ते पान चिमटीत धरून विचारलं, इन्व्हॉइस नंबर कुठाय? तेव्हापासून माझा सल्ला असा की होडीचा खर्च ‘स्थानिक परिवहन’ मध्ये दाखवा, आणि जमलं तर किल्लाच असा निवडा जिथे रिक्षा जाते.

फंड देणारे पाहणीला येतो म्हणाले तर भरती-ओहोटीचं कोष्टक दाखवायचा आगाऊपणा करू नका. आम्ही केला होता. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, म्हणून मी साडेसातला अलिबागच्या किनाऱ्यावर या असं कळवलं होतं. मंडळी वाटेत नाश्ता करून साडेअकराला पोचली, तोवर समुद्राने आपलं काम केलेलं. साहेब म्हणाले, पाणी कधी कमी होईल? जणू मी महापालिकेचा व्हॉल्व्हमन. किनाऱ्यावरून किल्ल्याला पाठ करून सेल्फी घेतले, रिपोर्टात लिहिलं ‘प्रत्यक्ष पाहणी केली’. आणि पावसाळ्यात येणारे असतील तर फारच उत्तम, तेव्हा होड्याच बंद असतात, पाहणी डायरेक्ट लंचपासून सुरू होते.

एक मोह आणखी टाळा, तो म्हणजे कागदांचा. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे १९१० पासूनचं, मोडीतले कागद इतके की दफ्तरातले कोटीत मोजतात, आणि त्यात आरमाराचंही बरंच काही आहे. गलबताच्या दुरुस्तीला किती खिळे, किती सुंभ, किती तेल, असल्या कागदावर मी एकदा एक दुपार घालवलीये आणि मला ती सिंधुदुर्गाच्या मावळतीपेक्षा जास्त आवडली, पण हे कुठे बोलू नका, लोक काळजी करतात. तर या कामाला काय लागतं, मोडी झरझर वाचणारी दोन माणसं आणि तीन-चार वर्षांचा पगार. पगार हा शब्द उच्चारला की समोरचा खुर्चीत मागे टेकतो. स्कॅनर मागा, लगेच देतील, कारण स्कॅनरवर देणगीदाराच्या नावाची पट्टी चिकटवता येते, मोडी वाचणाऱ्याच्या कपाळावर येत नाही. परवा एकाने मला विचारलं, आता एआय आहे ना, मग माणसं कशाला? मी म्हटलं, बरोबर आहे, त्याला आधी लिपी शिकवायला वाचलेले कागद लागतात, ते वाचायला माणसं लागतात. तो म्हणाला, ते तुम्ही मॅनेज करा.

आणि मार्च विसरू नका. अकरा महिने तुमचा फोन कोणी उचलणार नाही, २८ मार्चला तुम्हाला फोन येईल की काही रक्कम शिल्लक आहे, ३१ पर्यंत खर्च होईल का. हो म्हणायचं. तीन दिवसांत संशोधन होत नाही पण कार्यक्रम होतो. फ्लेक्स, समई, कोल्हापुरी फेटे, आणि थर्माकोलचा चार फुटी चेक, जो मग घरी न्यावा लागतो कारण हॉलवाले ठेवून घेत नाहीत. माझ्या माळ्यावर दोन आहेत. उपयोगिता प्रमाणपत्रात लिहायचं ‘जनजागृती’, ते कोणी मोजून परत मागत नाही.

माझ्या बघण्यात वेळेवर आणि पूर्ण पैसे मिळालेला सागरी प्रकल्प एकच, आमच्या सोसायटीतल्या पोरांचा. मागच्या दिवाळीत सगळ्या बिल्डिंगांनी रायगड-प्रतापगड केले, आमच्या सी विंगच्या पोरांनी पद्मदुर्ग केला. मातीची तटबंदी, त्यावर हाताने उमटवलेल्या कमळाच्या पाकळ्या, भोवती पाणी, पाण्यात कागदाच्या सहा गुराबा (लढाऊ गलबतं), आणि बघायला येणाऱ्याला जाता यावं म्हणून फळीचा धक्कासुद्धा, जो खऱ्या जलदुर्गांना मागून मागून थकलो. खजिनदार काकांनी खिशातून साडेतीनशे काढून दिले, प्रस्ताव नाही, बिल नाही, बेनिफिशियरी नाही. चौथ्या दिवशी प्लॅस्टिकला भोक पडून पाणी पार्किंगमध्ये आलं. यंदा अजून नवरात्रही बसलेलं नाही आणि लिफ्टशेजारी पाटी लागलीये, ‘जलदुर्ग करण्यास हरकत नाही. मात्र पाणी घालू नये. निळी रांगोळी वापरावी. — सचिव’.