रंधा किती वॅटचा?

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर काल माझा फ्लॅट नंबर झळकला. मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या यादीखाली ‘विनापरवाना सुतारकाम’ असा नवा मथळा, आणि त्याखाली मी. एकटाच.

गुन्हा एवढाच की बाल्कनीत बसून सागवानाच्या फळीला रंधा मारत होतो. पुस्तकांची मांडणी करायची आहे. मशीन मुद्दाम घेतलं नाही. फ्लॅटमध्ये ते चालवलं की पिठासारखा भुसा पंख्यापासून पोह्यांपर्यंत सगळीकडे बसतो, वर आवाजाने शेजारी दारात उभे. रंध्याची साल गुंडाळी होऊन खाली पडते, केरसुणीने गोळा होते. शेजाऱ्यांना त्रास नको, हा माझा हेतू होता. आता तसा काही हेतू राहिलेला नाही.

सेक्रेटरी काकांना गाठलं. त्यांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढला.

“यंत्राचा प्रकार?”

“यंत्र नाही काका, रंधा आहे.”

“रंधा,” त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं. “किती वॅट?”

“हाताने चालतो.”

“कशानेही चालू दे हो. कॉलम रिकामा सोडला तर उद्या ऑडिटला मी काय सांगू?”

“शून्य लिहा.”

“शून्य वॅट म्हणजे यंत्र बंद. बंद यंत्राला परवानगी लागत नाही. आणि परवानगी नाही, तर काम चालू कसं?”

यावर मला काही सुचलं नाही.

“बरं, आणखी काय काय आहे?”

“करवत, पटाशी, गिरमिट.”

“सगळी शून्यच?” त्यांनी पेन खाली ठेवलं, दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “एक विचारू का? राग मानू नका. नोकरी ठीक आहे ना?”

“आहे की!”

“नाही, म्हटलं... आमच्या जावयाचं मशीन पडून आहे, 700 वॅटचं. घेऊन जा. संकोच करू नका. कॉलमही भरला जाईल.”

बोहरी आळीतही हाच अनुभव. एका दुकानात साधा रंधा मागितला, तर काउंटरवर इलेक्ट्रिकचे प्लेनर मांडले गेले. साधाच हवा म्हटल्यावर मालक म्हणाले, “हॉटेल काढताय का? भिंतीवर लावायला नेतात लोक.” आता यांना कोण सांगणार, की सागवानात सिलिका असते, तिने पात्याची धार बघता बघता जाते, आणि हाताने काम करणाऱ्याचा निम्मा जीव दंडात नसून निसण्यावर खर्च होतो? पातं 25 अंशांत घासायचं, मग टोकाची धार 30 अंशांत. तेवढं जमलं की फळी अशी गुळगुळीत होते, की पॉलिश पेपर लावावासाच वाटत नाही.

हे काकांना सांगितलं नाही. विचारलं एवढंच, की वरच्या मजल्यावर गणपतीपासून मार्बल कटर किंचाळतोय, त्यांचा नंबर बोर्डावर का नाही?

“त्यांनी डिपॉझिट भरलंय. शिवाय ते इंटिरियर आहे. तुमची आपली खुडबुड.”

खुडबुड! 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा 55 डेसिबल. कटर ती चालू होताच ओलांडतो. पुण्यात दुपारी दोन ते चार कुरिअरवाला बेल वाजवायला धजत नाही, आणि हा कटर त्या वेळात खुशाल चालतो. त्याला जाब विचारायला कोणी वर जात नाही, कारण वर गेलं तरी बेल ऐकू येणार नाही. माझ्याकडे मात्र येतात. माझ्याकडे बेल ऐकू येते ना!

शेवटी मी 700 लिहून दिलं. डिपॉझिट भरलं. परवाना मिळाला: ‘रंधा, 700 वॅट, वेळ दहा ते एक.’ खाली अट छापलेली आहे: यंत्राला थ्री-पिन प्लग असणे बंधनकारक, सेक्रेटरी प्रत्यक्ष पाहणी करतील.

प्लग आणून ठेवलाय. कुठे बसवायचा ते पाहणीच्या वेळी काकांनीच दाखवावं.