मुरगावातून गेलेला शोयू : एका प्रतिक्रियेला उत्तर

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याकडच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं. त्यांच्यासाठी जपानी रेडक्रॉसने पाठवलेला शोयू (सोया सॉस) आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) १९४३ मध्ये गोव्यातल्या मुरगाव बंदरातून, दोन्ही देशांनी एकमेकांचे अडकलेले नागरिक परत केले त्या अदलाबदलीत कसा गेला, यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : अमेरिकेतल्या छावण्यांमध्ये जपानी लोकांना पोटभर जेवण मिळत होतं, त्यामुळे जपानी रेडक्रॉसने पाठवलेला शोयू आणि मिसो हा निव्वळ प्रचार होता. गोव्यात फक्त माणसांची अदलाबदल झाली. आणि जपानने स्वतःच्या ताब्यातल्या कैद्यांचं काय केलं, ते लेखात नाही.

आधी जेवणाचं. या छावण्या चालवणाऱ्या युद्ध पुनर्वसन प्राधिकरणाच्या (वॉर रिलोकेशन अथॉरिटी) दहा छावण्यांत माणशी दिवसाला ४५ सेंटची मर्यादा होती आणि प्रत्यक्ष खर्च बहुधा त्याहून कमी व्हायचा. उपासमार नव्हती, हे खरंच. पण पोट भरणं आणि जेवण जेवल्यासारखं वाटणं यांत फरक आहे. सुरुवातीच्या महिन्यांत भातावर डब्यातली गोड जर्दाळू वाढलेली असायची. ६ डिसेंबर १९४२ ला कॅलिफोर्नियातल्या मँझनार छावणीत जी दंगल उसळली, तिच्या मुळाशी इतर गोष्टींबरोबर साखर आणि मांस कर्मचारी परस्पर पळवतात हा आरोप होता. गोळीबारात दोघे मेले. अशा ठिकाणी भटारखाना हा किरकोळ विषय राहत नाही.

तांदूळ अमेरिकेत पिकत होता, तो पाठवण्यात अर्थच नव्हता. शोयू, मिसो आणि जपानी चहा यांची आयात मात्र युद्धाबरोबर थांबली. मँझनारमध्ये छावणीतच शोयू आणि तोफू करू लागले, पण पारंपरिक शोयू मुरायला सहा महिने ते वर्षभर लागतं. आता प्रमाण पाहा. शोयूच्या नेहमीच्या लाकडी पिंपात १६ लिटरच्या आसपास माल बसतो आणि एका भोजनगृहात अडीचशे माणसं जेवायची. म्हणजे एका पिंपातून माणशी ६४ मिलिलिटर, जेमतेम चार मोठे चमचे. हा पोषणाचा प्रश्न सोडवणारा शिधा नव्हता, तसा दावा मी केलेलाही नाही. सणाच्या दिवशी पानात ओळखीची चव यावी, एवढंच त्याचं काम होतं, आणि ते मला मोठं वाटतं.

मालाची निवडही विचारपूर्वक होती. शोयूत मीठ १६-१८ टक्के, मिसोत साधारण १२ टक्के. त्यामुळे उष्ण कटिबंधातून जाणाऱ्या बोटीच्या तळघरातही ते सडत नाहीत. मिसो उकाड्यात आंबत राहतो, काळपट पडतो, त्यातून वायू सुटतो, तरी खाण्याजोगा राहतो. खरा धोका पिंपाला असतो : लाकूड सुकलं की फळ्या आकसतात, भोवतीची कडी सैल होतात आणि सांध्यांतून गळती लागते.

आता गोवा. मित्रराष्ट्रांच्या नागरिकांना घेऊन जपानी बोट 'तेइया मारू' १५ ऑक्टोबर १९४३ ला मुरगावला लागली, अमेरिकेहून जपान्यांना घेऊन येणारी स्वीडिश बोट 'ग्रिप्सहोम' दुसऱ्या दिवशी. (पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळेच हे बंदर अदलाबदलीला चाललं.) दोन्हीकडून दीड हजाराच्या आसपास माणसं, डोक्याला डोकं मोजून. पण ग्रिप्सहोमच्या पोटात पूर्वेकडे जपानच्या ताब्यात असलेल्या मित्रराष्ट्रीय कैद्यांसाठी हजाराहून अधिक टन अन्न आणि औषधं होती. तो माल तेइया मारूवर चढला, आणि जपानी रेडक्रॉसचा माल उलट दिशेने. माणसांसाठी अभय मिळालेली बोट, हाच मालाचा मार्ग होता. शत्रूच्या पाणबुड्यांमधून नुसत्या शोयूसाठी कोणी वेगळी बोट सोडली नसती. म्हणून 'फक्त माणसं' हे बरोबर नाही. ग्रिप्सहोम १ डिसेंबरला न्यूयॉर्कला पोचली, तिथून पिंपं छावण्यांकडे गेली.

तिथेही सगळं सरळ नव्हतं. छावण्यांतले सुमारे दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकन नागरिक. शत्रुराष्ट्राच्या रेडक्रॉसची भेट स्वीकारली तर आपली निष्ठा संशयास्पद ठरेल, ही भीती त्यांच्यातल्या अनेकांना होती. त्यांच्या आईवडिलांना कायद्याने अमेरिकन नागरिकत्व मिळूच शकत नव्हतं, त्यांना ती भेट परकी वाटण्याचं कारण नव्हतं. प्रचाराचा हेतू टोकियोत असेलही. पिंप उघडणाऱ्या आजीचा नव्हता.

तुमच्या तिसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. जपानच्या ताब्यातल्या छावण्यांत मित्रराष्ट्रांची पार्सलं गोदामात अडकायची, पहारेकरी लुटायचे, आणि त्या भुकेची तुलना अमेरिकेतल्या छावण्यांशी होऊच शकत नाही. पण हाही हिशेब मुरगावच्याच धक्क्याशी जोडलेला आहे. मुरगावनंतर आणखी अदलाबदल झाली नाही, म्हणून पुढचा माल रशियामार्गे न्यावा लागला. तो रशियाच्या नाखोद्का बंदरातून 'हाकुसान मारू' या जपानी बोटीने नोव्हेंबर १९४४ मध्ये उचलला, म्हणजे मुरगावनंतर तब्बल वर्षाने. त्या वर्षभरात कैदी मरत होते.