पाया पक्का करण्याची पक्की पद्धत

रेल्वे पुलाचा पाया मजबूत करायचाय? मग आधी तो कमकुवत करून घ्या. धडधाकट पायाला निधी कोण देणार?

जागा निवडायला पालघर जिल्ह्यातली वैतरणा नदी उत्तम. वैतरणा आणि सफाळे स्टेशनांच्या मधले 92 आणि 93 नंबरचे पूल बघा. मुंबई–अहमदाबाद गाड्या त्यांवरूनच धावतात आणि मधल्या वाढीव नावाच्या बेटावरचे लोकही पुलावरूनच पायी ये-जा करत आले आहेत. पुलाचं महत्त्व वेगळं पटवून द्यायला नको.

पुलापासून 600 मीटरच्या आत रेती उपसायला बंदी आहे, पण मनावर घेऊ नका. मीटर दिवसा मोजतात, पंप रात्री चालतात. पूर्वीसारखी बुडी मारून बादलीने रेती काढायला दम लागतो. त्यापेक्षा सक्शन पंप लावा. गुन्हा दाखल झालाच तर अज्ञात इसमावर होईल. बोट, पंप, डंपर सगळं बाळगूनही आपल्याकडे इसम अज्ञात राहू शकतो.

पुढचं काम नदी फुकटात करते. पुराचं पाणी खांबावर आपटून खाली वळतं, बुडाशी भोवरा धरतं आणि तळ खरवडून नेतं. पूर ओसरला की त्याच खड्ड्यात सैल गाळ भरतो. तपासणीला नेमकं तेव्हा जा. सगळं कसं सपाट दिसतं! ऐन पुरात दोरीला शिशाचा गोळा बांधून खोली मोजू पाहणारा एखादा चिवट कर्मचारी भेटलाच, तर त्याला साहेबांच्या दौऱ्याच्या तयारीला लावा.

फार ताणू मात्र नका. पठाणकोटजवळ चक्की नदीवरचा नॅरोगेज पूल 20 ऑगस्ट 2022 रोजी पुरात कोसळला. नदीतल्या बेकायदा उपशाची ओरड होतीच. पूल पडला की दुरुस्ती संपते, नवा बांधावा लागतो आणि ते काम भलत्याच कंत्राटदाराला जातं. आपल्याला हवा लटपटणारा पूल.

म्हणजे मग गाड्यांना कॉशन ऑर्डर, म्हणजे वेग कमी ठेवण्याचा हुकूम, द्या आणि कामाला लागा. खांबाभोवती दगड भरलेल्या जाळ्या सोडा, भेगांत ग्राउटिंग करा, म्हणजे पातळ सिमेंट दाबून भरा, वरून आरसीसीचं जॅकेट चढवा. बुडाशी पोकळी राहिली तरी बिलासोबतचा फोटो पाण्यावरचाच असतो. काँक्रीटला रेती लागेल, ती लांबून कशाला? खांबाच्या बुडाचीच घ्या, वाहतूक वाचते. पावती तेवढी शेजारच्या जिल्ह्याची लावा.