टीबीच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या ‘एनकेटी सैनिक’ मेसेजला उत्तर

सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, ‘शरीरातले गुप्त सैनिक, जे डॉक्टर तुम्हाला सांगणार नाहीत’. थोडक्यात मजकूर असा: आपल्या अंगात एनकेटी नावाच्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, टीबी, मलेरिया, हिपॅटायटीस सगळं त्या एकट्या संपवतात, अँटिबायोटिकने त्या मरतात, म्हणून गोळ्या बंद करा आणि रोज अनशापोटी दोन चमचे गरम तूप घ्या, 21 दिवसांत रिपोर्ट निगेटिव्ह. एरवी मी असल्या गोष्टींच्या नादी लागत नाही. पण हा मेसेज भिशीच्या ग्रुपवरून माझ्या मावशीकडे पोचला, तिची टीबीची ट्रीटमेंट चालू आहे, दुसरा महिना संपत आलाय, खोकला थांबलाय, अंगावर थोडं मांस चढायला लागलंय, आणि तिने फोन करून मला विचारलं की पुढच्या गोळ्या आणायच्या की राहू देत.

तर सगळ्यात आधी ते लघवीचं. मेसेजमध्ये चक्क लिहिलंय, ‘गोळी घेतल्यावर लघवी लाल होते, ते तुमचे मेलेले सैनिक बाहेर पडत असतात.’ हे वाचून हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. अहो, टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन हे औषधच मुळात लाल-विटकरी रंगाचं आहे. अंगातून बाहेर पडताना ते लघवी, घाम, डोळ्यातलं पाणी सगळ्याला केशरी करून सोडतं, कॉन्टॅक्ट लेन्ससुद्धा रंगतात. त्यात मेलेलं-बिलेलं काही नसतं. हे खरं तर पहिल्या दिवशीच पेशंटला सांगायला हवं, पण ओपीडीच्या गर्दीत ते राहून जातं, आणि मग मावशीसारखं माणूस दोन महिने मनातल्या मनात घाबरत राहतं, तिथे असल्या मेसेजचं बरोबर फावतं.

आणि गोळ्यांनी या पेशी मरतात म्हणणाऱ्याने निदान त्या गोळ्या काय करतात ते तरी बघायचं. टीबीच्या जंतूचं कवच मायकोलिक अ‍ॅसिड नावाच्या मेणचट पदार्थाचं असतं, गोळ्यांतलंच दुसरं औषध आयसोनियाझिड ते बनणंच बंद पाडतं. माणसाच्या पेशीत मायकोलिक अ‍ॅसिड बनतच नाही, मग बंद काय पडणार? रिफाम्पिसिन जंतूचं आरएनए बनवणारं एन्झाइम अडवतं, आपलं एन्झाइम वेगळं आहे.

दोन महिन्यांत बरं वाटतं कारण भराभर वाढणारे जंतू आधी मरतात, पण हा जंतू मुळात सुस्त, एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास 20 तास लागतात, काही तर नुसते पडून राहतात आणि औषधाला लवकर दाद देत नाहीत. पुढचे चार महिने त्यांच्यासाठी असतात. मधेच सोडलं की आजार उलटतो आणि उलटताना औषधांना न जुमानणारा होऊन येऊ शकतो, मग उपचार आणखी लांबतात आणि गोळ्याही जास्त त्रासाच्या.

आता ‘एकट्या टीबी संपवतात’ हे. 1999 मध्ये जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन या संशोधन पत्रिकेत एक प्रयोग आला होता. एनकेटी पेशी ज्या रेणूच्या आधाराने तयार होतात आणि शत्रू ओळखतात तो सीडी1डी, तो जीनच काढून टाकलेले उंदीर घेतले, त्यांना टीबीचा संसर्ग दिला. म्हणजे या उंदरांच्या अंगात हे ‘सैनिक’ नव्हतेच. तरी ते बाकीच्या उंदरांपेक्षा जास्त आजारी पडले नाहीत. त्याच प्रयोगात टॅप1 हा जीन नसलेले, म्हणजे नेहमीच्या सीडी8 टी पेशींची (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींची) वाट बंद झालेले उंदीर मात्र लवकर गेले. एवढा एक पेपर वाचला असता तरी हा मेसेज लिहायची हिंमत झाली नसती.

बरं, अर्धं खरं आहे ते मान्य करते, नाइलाजाने. एनकेटी पेशी आहेत आणि कामाच्या आहेत. त्याही टी पेशीच, पण बाकी टी पेशी बहुतेक प्रोटीनचे तुकडे ओळखतात, या साखर जोडलेली चरबी ओळखतात, आणि इतर टी पेशींना तयारीला दिवस लागतात तिथे या काही तासांत इंटरफेरॉन गॅमासारखी रसायनं सोडून बाकीच्यांना जागं करतात. न्यूमोनियाच्या जंतूंवरची, गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाच्या जंतूवरची अशी चरबी त्या ओळखतात हे दाखवलेलं आहे. टीबीतसुद्धा, 2008 मध्ये प्रयोगशाळेत त्यांनी मॅक्रोफेजमधल्या (जंतू गिळणाऱ्या पेशींमधल्या) जंतूंची वाढ रोखली. पण हा सोसायटीचा वॉचमन आहे, शिट्टी मारतो, एखाद्या चोराला काठीही घालतो, म्हणून कोणी पोलीस स्टेशन बंद करत नाही. आणि संख्या? माणसाच्या रक्तात हजार टी पेशींमागे एखादी, कित्येकांत त्याहूनही कमी. त्या भडकल्या तर नुकसानही करतात, उंदरांत लिव्हरला सूज आणण्यात त्यांचा हात दिसलाय, म्हणजे ‘जितक्या जास्त तितकं बरं’ हेही खोटंच.

तूप. ‘एनकेटी चरबी ओळखतात म्हणून तूप खा.’ तुपात ती चरबी नाही, आणि असती तरी आतड्यात पचून जाते, खाल्लेलं तूप सैनिकांना दाखवायला कोणी घेऊन जात नाही. वरणभातावर घ्या, मस्त लागतं.

कंपन्या लपवतात म्हणे! या पेशींना चेतवणारं अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड जपानच्या किरीन कंपनीने, म्हणजे बिअरवाल्यांनीच, ओकिनावाजवळच्या समुद्रातल्या स्पंजवरून शोधलं. 1997 मध्ये ते ‘सायन्स’ या संशोधन पत्रिकेत छापूनही आलं. हिपॅटायटीस बीच्या पेशंटना इंजेक्शनमधून देऊनही बघितलं, 2009 मध्ये निकाल आला, काहींनी तापामुळे मधेच सोडलं आणि व्हायरसवर ठळक असा परिणाम दिसला नाही. इथे जे लपलंय ते एवढंच की कोणी वाचत नाही. आणि मावशीच्या गोळ्या सरकारकडून फुकट मिळतात, त्यात कोण कोणाला लुटतंय?

खाण्याचा मुद्दा मात्र सोडवत नाही. झारखंडमध्ये टीबी पेशंटच्या घरच्यांना जास्तीचं धान्य आणि पोषक आहार दिला तर त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण साधारण 39 टक्क्यांनी कमी झालं, 2023 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत आलंय ते. तेव्हा डाळ, अंडी, शेंगदाणे भरपूर द्या, पण पेशंटच्या गोळ्या तिथेही चालूच होत्या.

गोळ्यांनी लिव्हरला त्रास होऊ शकतो, हेही खरं. डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या व्हायला लागल्या, जेवण जाईना, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, कुठली गोळी थांबवायची आणि कधी परत सुरू करायची ते तेच ठरवतील. मावशी, तुझी लघवी केशरी आहे ना, म्हणजे औषध पोटात जातंय. पुढच्या गोळ्या संपायच्या आत जाऊन घेऊन ये.