पेंग्विन आला, रेंज गेली

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला निघाला आणि सरकार पडलं ते आमच्या घरातलं. लॅपटॉप तसा धडधाकट होता. बटण दाबलं की सुरू व्हायचा, चाचणीच्या प्रश्नपत्रिका मुकाट टाइप करून घ्यायचा, लाइट गेली तरी अर्धा तास तग धरायचा. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा तरी लागतो. आमचा पाचव्या पिढीतला. सात पिढ्यांचा उद्धार झालेला पुष्कळदा ऐकला होता. इथं कमी पडलेल्या तीन पिढ्यांनी घात केला.

"मामा, नवा कशाला घेताय? विंडोजच्या जागी लिनक्स टाकू की," भाचा म्हणाला. तो इंजिनिअरिंगला आहे. "फुकट हाय, व्हायरस न्हाई, आणि जुन्या मशीनवर नाद खुळा पळतंय." एवढं बोलून त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. या पोरांच्या खिशात रुमाल मिळणार नाही, पेनड्राइव्ह मिळेल. त्यावर डेबियन ११ होतं, लिनक्सचाच एक अवतार. हा आकडा लक्षात असू द्या, तो पुढं नडणार आहे.

मामीच्या हातचे पोहे संपायच्या आत त्यानं विंडोज पुसून पेंग्विन, म्हणजे लिनक्सचं बोधचिन्ह, बसवला. स्क्रीन लागली, आवाज आला, टचपॅड चाललं. ज्या प्रिंटरची मी दर परीक्षेला मनधरणी करायचो, तोसुद्धा न सांगता कागद ओढायला लागला. नव्हतं ते फक्त वायफाय. म्हणजे रेंज कमी आहे, पासवर्ड चुकला, असली भानगड नव्हती. वायफाय नावाची काही वस्तू आपल्या पोटात आहे हेच लॅपटॉपला मान्य नव्हतं. 'नो वायफाय अडॅप्टर फाउंड' एवढं सांगून तो मोकळा झाला.

"एक फाइल कमी पडत असणार," भाचा म्हणाला. "नेटवरनं घ्यावी लागंल."

"मग घे."

"नेटला वायफाय पायजे की, मामा."

या पेचातून सुटका मोबाइलनं केली. चार्जिंगची केबल लॅपटॉपला जोडायची आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. कुठला ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली वस्तू चालवणारा प्रोग्राम, नाही, काही नाही, नेट तत्काळ हजर. आता मोबाइल बायकोचा होता, त्यामुळे तिचं लक्ष होतंच.

"चालतंय की हो नेट! मग अजून काय शोधताय?"

"वायफाय."

"ते कशाला?"

"ही वायर नको म्हणून."

"चार्जरची वायर लावल्याशिवाय तुमचा लॅपटॉप जागचा हलत नाही. त्यात आणखी एक झाली तर काय बिघडलं?"

याला उत्तर नव्हतं. लिनक्सच्या वाटेला जाणाऱ्या बहुतेक नवऱ्यांना अशा वेळी उत्तर सुचत नाही असा माझा अंदाज आहे.

भाच्यानं काळी खिडकी उघडली आणि 'एलएसपीसीआय -एनएन' अशी आज्ञा दिली. ही दिली की आतल्या सगळ्या चिपांची हजेरी निघते, प्रत्येकीच्या पुढं कंपनीचा क्रमांक. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, म्हणजे त्यांच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचं नाव. हौसेला मोल नाही. आमचं वायफाय कार्ड कुठल्या कंपनीचं निघालं ते मी सांगणार नाही. या कार्डापायी मला जे भोगावं लागलं ते बघता त्या कंपनीचं नाव मी उखाण्यातही घेणार नाही.

पण कार्ड हजर होतं. त्याचा ड्रायव्हरही कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हजर होता. मग गैरहजर कोण? ते 'डीमेसेज'मध्ये सापडलं. लॅपटॉप सुरू होताना आत काय काय घडलं याचा हा रोजनामा. त्यात एका लांबलचक फाइलीच्या नावापुढं लिहिलं होतं: 'फेल्ड विथ एरर उणे २'. मी गणिताचा मास्तर. उणे दोन बघून पोटात गोळा आला, काहीतरी मुळापासून बिनसलंय वाटलं. अर्थ निघाला एवढाच की फाइल सापडली नाही. सरळ 'फाइल नाही' म्हणून सांगायला काय जात होतं?

ही फाइल म्हणजे फर्मवेअर. कार्डाला स्वतःचा चिमुकला प्रोसेसर असतो आणि त्यानं काय करायचं ते या फाइलीत लिहिलेलं असतं. ती कार्डातच कायमची ठेवता येते, पण तेवढ्या मेमरीचा खर्च कंपन्या वाचवतात. मग लॅपटॉप सुरू झाला की दर वेळी ड्रायव्हरनं ती कार्डाला भरवायची. मेख अशी, की ड्रायव्हर खुला असतो, कुणीही वाचावा, बदलावा. फर्मवेअर मात्र कंपनीचं, आत काय लिहिलंय ते विचारायचं नाही. आणि डेबियनचं सोवळं कडक. जे खुलं नाही ते त्यांच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये शिरकाव करू शकत नव्हतं. त्यासाठी लोक दुसरा पेनड्राइव्ह घेऊन फिरत. शेवटी २०२२ मध्ये त्यांच्यात रीतसर मतदान झालं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येऊ लागलं.

आमच्या पेनड्राइव्हवर ११.

असो. सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं त्या यादीच्या फाइलीत 'नॉन-फ्री' हा शब्द वाढवला, बायकोच्या डेटा पॅकचा त्या दिवसाचा कोटा खलास करून पॅकेज उतरवलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. कोपऱ्यात वायफायचा पंखा उगवला. भाच्यानं "जाळ अन् धूर संगटच!" अशी आरोळी ठोकली, चहा घेतला आणि होस्टेलवर निघून गेला. खरा छळ तो गेल्यावर सुरू झाला.

आमचं घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं, जुन्या बांधणीचं. भिंती अशा की पलीकडच्या खोलीतलं भांडण ऐकू येत नाही, आणि त्यामुळेच ते घर टिकलंय असं आई म्हणते. पुढच्या खोलीत राउटरला लॅपटॉप टेकवला की रेंज फुल्ल. तिथून उठून सोप्यात आलं की अर्धी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक कांडी. देवघरापाशी तर सगळं देवाच्याच हवाली. आणि नेमक्या त्याच जागी उभं राहून बायको मोबाइलवर मालिका बघत होती, एकदाही न अडकता. तेव्हा राउटरवर आळ घ्यायचीही सोय राहिली नाही.

मधेच एके दिवशी होती ती कांडीही गेली. 'आरएफकिल' नावाची आज्ञा असते, ती कार्डाला कुणी कुलूप घातलंय का ते सांगते. सॉफ्ट ब्लॉक म्हणजे आज्ञेनं काढता येतं, हार्ड ब्लॉक म्हणजे बटणानंच. आमचं हार्ड होतं. चौकशीअंती समजलं, आईनं ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसला होता आणि त्यात विमानाचं चित्र असलेली कळ दाबली गेली होती. "किती धूळ होती रे," एवढंच ती म्हणाली.

राजारामपुरीतल्या एका दुकानात लॅपटॉप दाखवला. पोरानं झाकण उघडलं, पेंग्विन बघितला आणि अपघात बघितल्यासारखा चेहरा केला. "सर, विंडोज टाकून देऊ?" मी म्हटलं, रेंजचं बोल. तो म्हणाला, "विंडोज टाकलं की येती." मग नवीन कार्डच घालून बघू का म्हणून विचारलं, तर त्यानं आणखी भर घातली. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, ठरावीक कार्डांचीच यादी असते. दुसरं बसवलं की 'अनऑथराइज्ड नेटवर्क कार्ड' असा बोर्ड झळकतो आणि लॅपटॉप पुढं जायलाच तयार होत नाही. पैसे आपले, लॅपटॉप आपला, स्क्रू आपण फिरवलेला, आणि परवानगी कंपनीची! पोरगं मात्र हुशार होतं. जुन्या मिनी कार्डांना बंद करायचा इशारा विसाव्या पिनेवरून येतो, म्हणून तिच्यावर सेलोटेपचा बारीक तुकडा चिकटवून त्यानं कितीतरी कार्डं जागी केली होती. "तुमचं नव्या टाइपचं हाय, न्हाईतर केलं असतं," म्हणाला.

आमच्या समोर अण्णा राहतात. त्यांचं वर्कशॉप शिवाजी उद्यमनगरात. लेथ, ड्रिलिंग मशीन आणि दाराशी कास्टिंगचा ढीग. मी सोप्यात लॅपटॉप डोक्याच्या वर धरून सावकाश गोल फिरत असताना ते आले.

"मास्तर, आरती हाय काय?"

मी सगळी कथा सांगितली. अण्णांना कंप्युटरमधलं फारसं गम्य नाही, पण यंत्र बिघडलंय आणि कंपनी दाद देत नाही, एवढं ऐकलं की त्यांचे डोळे चमकतात. त्यांनी घरातून बारीक स्क्रूड्रायव्हर आणले आणि ओट्यावरच लॅपटॉप पालथा घातला. ते स्क्रू काढत होते आणि मी त्यांना ब्रॉडकॉम कंपनीच्या जुन्या वायफाय कार्डांची हकिगत सांगत होतो. कंपनीनं लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला नाही, चिपची माहितीही दिली नाही. मग काही पोरांनी कंपनीचाच ड्रायव्हर उलगडून चिपशी तो काय बोलतो ते शोधून काढलं. त्यांचा ड्रायव्हर २००६ साली लिनक्सच्या कर्नलमध्ये आला.

"म्हणजे उद्यमनगरच की वो हे," अण्णा म्हणाले. "ड्रॉइंग देत न्हाईत म्हणून कोण गप बसतंय? पार्ट खोलायचा, व्हर्निअर लावायचा, पॅटर्न करायचा आणि ओतायचा."

बोलणं खरं होतं. या गावाला सिनेमाचा कॅमेरा कुणी दिला नव्हता, तेव्हा आनंदराव आणि बाबूराव पेंटर तो बनवायच्या मागं लागले. आनंदराव मधेच गेले तरी बाबूरावांनी १९१८ मध्ये तो पुरा केला. त्यांनाही कुणी ड्रॉइंग पाठवलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट अण्णांच्या पचनी पडेना. त्या पोरांनी दोन गट केले होते. एकानं उलगडा करून चिप कशी चालते ते लिहून काढायचं, आणि दुसऱ्यानं तेवढं लिखाण वाचून ड्रायव्हर नव्यानं लिहायचा. नक्कल केली म्हणून उद्या कुणी कोर्टात खेचू नये यासाठी.

"ज्यानं खोललं त्यालाच बनवू द्या की! निम्म्या येळात हुतंय," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "आणि कंपनी?"

"कंपनीनं सप्टेंबर २०१० मध्ये नव्या कार्डांसाठी स्वतःच खुला ड्रायव्हर दिला."

"व्हय, पोरांनी करून दाखवल्यावर."

फर्मवेअर मात्र त्या पोरांनाही मिळालं नव्हतं. तर कंपनीच्या ड्रायव्हरच्या फाइलीतून नेमकं तेवढंच कापून काढणारी एक आज्ञा त्यांनी लिहिली, आणि तिच्या नावातच कटर घातला. हे ऐकून अण्णा इतके खूश झाले की हातातला स्क्रू ओट्याच्या फटीत गेला. तो अजून तिथंच आहे.

झाकण निघालं. कार्ड २२ मिलिमीटर रुंद, ३० लांब. त्याच्या एका टोकाला ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक अशा दोन पितळी खुंट्या, आणि त्यातल्या एकीवरच काळी वायर दाबून बसवलेली. दुसरी रिकामी. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून नाक कार्डाला टेकवलं.

"मास्तर, वायर किती?"

"एक."

"खुंट्या?"

"दोन."

"मग त्ये येडं रिकाम्या खुंटीवर कान लावून बसलंय. त्याला सांगा, दुसरीकडनं ऐक."

रात्री भाच्याला फोन केला. तो आधी हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "मामा, थांबा." ड्रायव्हरमध्ये खरंच तशी सोय निघाली. चिप दोन अँटेनांची, लॅपटॉप बनवणाऱ्यानं एका वायरीचे पैसे वाचवलेले, आणि कुठली खुंटी वापरायची याची कार्डात केलेली नोंद चुकीची. या दुखण्यानं माझ्यासारखे इतके जण गांजलेले, की ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी त्यासाठी एक पर्यायच ठेवला होता. ड्रायव्हरांच्या सूचना ठेवायच्या 'मॉडप्रोब'च्या फोल्डरमध्ये एक फाइल, तिच्यात एक ओळ, ओळीच्या शेवटी एक आकडा. आम्ही एक घातला, काही फरक नाही. दोन घातला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि थेट देवघरात नेला. कांड्या फुल्ल. बायको मालिका थांबवून म्हणाली, "आता माझी केबल द्या."

दुसऱ्या दिवशी अण्णांना सांगितलं, तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "वायरीचं किती वाचवलं आसंल त्यांनी?"

यातून मला एक खोड मात्र लागली. लॅपटॉप घेताना लोक रॅम विचारतात, डिस्क विचारतात, रंग विचारतात, सोबत बॅग मिळणार का ते तर दोनदा विचारतात. वायफाय कार्डाची चौकशी कुणीही करत नाही. मी करतो. इंटेलचं असेल तर बरं, त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो आणि फर्मवेअर नव्या इन्स्टॉलरमध्ये मिळून जातं. अथेरॉस कंपनीची ती जुनी, ज्यांचा 'एटीएच-नाइन-के' ड्रायव्हर २००८ मध्ये कर्नलमध्ये आला, ती कार्डं तर सोन्यासारखी. फर्मवेअरची फाइलच मागत नाहीत.

परवा भाचीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा होता. "मामा, तुम्ही चला," म्हणून ती मला घेऊन गेली. दुकानातल्या पोरानं १६ जीबी रॅम सांगितली, ५१२ ची एसएसडी सांगितली, झाकण उघडून स्क्रीन पार मागं वाकवून दाखवली. भाचीला रंग पसंत पडला होता. बिल करायला तो काउंटरमागं गेला, तसा मी पुढं सरलो आणि विचारलं, "कार्ड कुठलं?"

"कुठलंबी चालतंय, सर," तो म्हणाला. "क्रेडिट आसंल तर ईएमआय करून देतो."